माहेरची गुंडी

आमच्या तलावाच्या तळाशी दरवर्षी नखाच्या जाडीएवढा गाळ साचतो. पावसाळ्यात शेतांवरून, जंगलातून गढूळ पाणी येतं आणि त्यातली माती हळूहळू खाली बसते. उन्हाळ्यात तिच्यावर कुजलेल्या पानांची काळी साय धरते. एक पिवळी रेघ, एक काळी रेघ, मिळून एक पट्टा, म्हणजे एक वर्ष. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मला हे ठाऊक नव्हतं आणि तेव्हा मी जास्त सुखात होते, हेही आधीच सांगून टाकते.

मी रोशनी मारबते. चौराटोला गावच्या ढीवर महिला तलाव संस्थेची सचिव. सचिव म्हणजे काय, तर जिला सरकारी पत्रं वाचता येतात ती. बाकीच्या बायका जाळं टाकण्यात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. आमच्या अध्यक्ष पुस्तकलाबाई मेश्राम तर पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभ्या राहून, नुसत्या बुडबुड्यांवरून शिंगूर मासोळी कुठं बसली आहे ते सांगतात. त्यांचं वय सत्तर, नाव पुस्तकला आणि शाळा दुसरीपर्यंत.

आमचा तलाव एकटा नाही. वरच्या गावाचा तलाव भरला की सांडवा आमच्यात येतो, आमचा भरला की खालच्या गावात जातो. अशी अकरा गावं एका माळेत आहेत. वरच्यानं केलेली घाण खालच्याच्या ताटात येते, म्हणून अकराही गावांच्या संस्थांनी मिळून नियम केले आहेत. आमच्या सासवांनी तलावात माजलेली बेशरमची झाडी कमरेएवढ्या चिखलात उभं राहून उपटली. तिच्या जागी देवधान लावलं, चौरा लावला, परसूड लावली. या पाणवनस्पतींच्या मुळांत मासोळी अंडी घालते. दाडक परत आली, मरळ परत आली. मग काही वर्षांनी पुन्हा सगळं उतरणीला लागलं. लावलेलं देवधान महिन्याभरात उपटून वर तरंगायचं.

उपटणारी होती 'कंपनी'. हे नाव आमचंच. कुठल्याशा मत्स्यबीज केंद्रात दोन जातींच्या संकरातून बनवलेली लाल शेपटीची मासोळी. चार महिन्यांत ताटभर होते म्हणून एका वर्षी बाजारात तिचा गवगवा झाला आणि दोन वर्षांत तिच्यावर बंदी आली. घरटं करायला ती तळात खड्डे खणते, मुळं उखडते आणि वर दुसऱ्यांची अंडी खाते. आमच्या तलावात ती कधी आली, कुठून आली, कोणालाच माहीत नव्हतं. पुरात वाहून आली असेल, असं आम्ही एकमेकींना सांगत होतो.

मग मशीन आलं. विद्यापीठातल्या लोकांनी माळेतल्या अकरा गावांना मिळून एक दिलं आणि वापरायला मला शिकवलं. प्रत्येक जिवाच्या पेशीपेशीत त्याची वंशखूण असते, तिला ते डीएनए म्हणतात. मासोळी पोहताना तिच्या अंगावरची बुळबुळ, खवल्याचे कण, विष्ठा असं काही ना काही पाण्यात सुटतच असतं. ते खाली बसतं, मातीच्या कणाला चिकटतं आणि थंड, अंधाऱ्या, हवा न लागणाऱ्या गाळात शेकडो वर्षं राहतं. आपण करायचं एवढंच, की लांब नळी गाळात खुपसायची आणि थर न मोडता वर काढायची. मशीन पट्टे मोजतं, प्रत्येक पट्ट्यातला चिमूटभर गाळ घेऊन त्यातल्या वंशखुणा वाचतं आणि कोणत्या साली या पाण्यात कोण कोण होतं त्याची यादी देतं. पूर्वी याला मोठी प्रयोगशाळा लागायची. आता ट्रंकेएवढी पेटी आणि चार तास पुरतात.

बायकांनी मशीनचं नाव पटवारीण ठेवलं. कोणाचं काय कुठं आहे ते हिला ठाऊक, आणि हिच्याशी वाकडं घेऊन चालत नाही.

पटवारीण गावोगाव फिरायला लागली तशी लोकांची बोलणी बदलली. सोयरीक जुळवताना पत्रिका आणि रक्तगट विचारायचेच, आता 'तुमच्या तलावाचा रिपोर्ट पाठवा' असंही म्हणायला लागले. याचं कारण आमची एक रीत. आमच्याकडे नवरी सासरी जाताना माहेरच्या तलावातल्या दोन मासोळ्या पितळी गुंडीत, म्हणजे छोट्या कळशीत, घेऊन जाते. मासोळ्या बापानं स्वतः धरायच्या, गुंडीच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि सासरच्या तलावाच्या नवरीघाटावर नवरीनं ती सोडायची. तीही कशी, तर पाण्याकडे पाठ करून, खांद्यावरून. मागं वळून पाहायचं नाही. म्हातारी माणसं म्हणत, एकाच तलावातल्या मासोळ्या आपसातच सोयरीक करत राहिल्या तर खुरटतात, दरसाल नवं रक्त पाहिजे. विद्यापीठातली मॅडम हे ऐकून इतकी खूश झाली की तिनं वहीत लिहून घेतलं. जिच्याबरोबर गुंडी नाही तिला 'कोऱ्या गुंडीची' म्हणतात. म्हणजे मागं कोणी नसलेली. हा शब्द बाईला मरेपर्यंत चिकटतो.

आता नियम अठराबद्दल सांगते, कारण तो मी लिहिला. दोन वर्षांपूर्वी कोणाच्या तरी जावयानं चोरून बाहेरचं बीज तलावात सोडलं होतं, तेव्हा मी रागात होते. मी लिहिलं: ज्या घरानं परकी मासोळी आणली त्या घराचं जाळं तीन पावसाळे खुंटीला, आणि त्या घरच्या लेकीची गुंडी अकरा गावांतल्या कोणत्याही तलावात उतरणार नाही. अकराही गावांनी हात वर करून तो मंजूर केला. हा नियम पुढच्यांना लागू की मागच्यांनाही, हे लिहायचं मला सुचलंच नाही.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे २०५१ च्या एप्रिलमध्ये, मी आमच्या तलावात पाच ठिकाणी नळ्या घातल्या. चार ठिकाणी कंपनीची पहिली खूण वरून एकविसाव्या-बाविसाव्या पट्ट्यात निघाली. पाचव्या ठिकाणी ती चोविसाव्या पट्ट्यात होती. ती पाचवी जागा म्हणजे नवरीघाट.

पुरात वाहून आली नव्हती. कोणाच्या तरी गुंडीतून आली होती.

चोवीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गावात दोनच नवऱ्या आल्या. एक मी. दुसरी रंजना डोये.

रंजनाची आणि माझी गुंडी एकाच सकाळी, एकाच घाटावर सुटली होती. एका दिवशी गुंडी सोडणाऱ्या दोघी एकमेकींच्या जोडीण होतात. बहिणीपेक्षा पक्कं नातं. माझी लेक आरोही झाली तेव्हा सव्वा महिना मला न्हाऊ-माखू घालणारी तीच, आणि तिचा नवरा वीज पडून गेला तेव्हा तिच्या दारात आठ दिवस निजलेली मी. ती कमी बोलते. माझी सगळी बडबड चोवीस वर्षं तिनं ऐकून घेतली आहे.

दोघींच्या माहेरचे तलाव तपासायचे ठरले. आधी रंजनाचं मोहबोडी. ती माझ्याबरोबर आली, नळी धरायला मदत केली. तलाव साफ निघाला. पण तिथं हमरस्त्याच्या कडेला पूर्वी मासोळीच्या बीजाचं तळं होतं, ते केव्हाच बुजवून वर गोदाम झालंय. त्या तळ्याचा गाळ आता कोण वाचणार? रंजनाचे वडील वारलेले. भाऊ म्हणाला, "मी तवा सात वर्साचा होतो, मले काय माहीत." परत येताना रंजना खिडकीतून बाहेर पाहत होती. बातमी आमच्याआधी गावात पोचली होती. आम्ही बसमधून उतरलो तेव्हा पारीवरच्या बायका बोलायच्या थांबल्या.

मग मी माझ्या माहेरी, हिरडाबोडीला गेले. मनातून मला धाकधूक नव्हती. बाबांच्या तलावासारखा राखलेला तलाव माळेत दुसरा नाही. माझे वडील धनपाल पचारे सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत आणि अजून स्वतः डोंगा वल्हवतात.

"बाई, उन्हाचा भोंगा वाजाच्या आधी पोहोचली ते बरं केलं," ते म्हणाले. मे महिन्यात नऊला भोंगा होतो आणि त्यानंतर बाहेर काम करायला मनाई असते. आम्ही घाईनं नळी घातली, वर काढली आणि ओसरीवर आणून मशीनला लावली. चार तास बाबांनी मला जेवू घातलं, आरोहीच्या लग्नाची चौकशी केली. लग्नाला पंधरा दिवस होते. नातीची गुंडी आपणच भरणार, असं त्यांनी जावयाला केव्हाच बजावून ठेवलं होतं. "आमचा तलाव साफच निघन, पाह्यजो तू," असं तीनदा म्हणाले.

साफच निघाला. कंपनीची एकही खूण नाही, वरपासून खालपर्यंत. मी हुश्श केलं. मग सवयीनं चोविसाव्या पट्ट्याची पूर्ण यादी उघडली.

तेविसाव्यात दाडक, मरळ, वाघूर, शिंगूर. पंचविसाव्यात तेच. चोविसाव्यात एकही मासोळी नाही. तिथं होतं गवत, शेळी आणि गाय. नळी तलावाच्या मधोमध घातली होती. तलावाच्या मधोमध गाय.

"बाबा," मी विचारलं, "माझ्या लगनाच्या साली तलाव आटला होता का?"

बाबा पानाला चुना लावत होते. "आटला नोहता. डबकं होतं."

"मशीन म्हणते, गाई चरत होत्या."

"मशीनले काय माहीत."

"मंग माझ्या गुंडीतल्या मासोळ्या कुठल्या?"

त्यांनी पान तसंच खाली ठेवलं.  मग सांगायला लागले तेव्हा आवाज त्यांचा नेहमीचाच होता.

"डबक्यात तीन दिवस जाळं टाकलं. चिखल आला. दुसऱ्या गावाले मागता येत नाही, आपल्याच तलावाची पाह्यजे. मंग मी आठवडी बाजारात गेलो. एक माणूस पिलास्टिकच्या पिशवीत मासोळी इकत होता. दोन बोटाएवढ्या होत्या. लाल शेपटीच्या. मले वाटलं, चांगल्या दिसून राह्यल्या." त्यांनी चुन्याची डबी मिटली. "कोऱ्या गुंडीनं लेक कशी धाडू? लोक मले नसते बोलले. तुले बोलले असते, जलमभर."

"आईला ठाऊक होतं?"

"कोणालेच नाही सांगितलं. आज तुले सांगतो."

मला रडू आलं आणि रागही आला. चोवीस वर्षं सासरी मी ताठ मानेनं राहिले. 'धनपालच्या लेकीची गुंडी' असं लोक म्हणायचे तेव्हा मला बरं वाटायचं. आणि ती गुंडी अशी. तरी समोर म्हातारा बसला होता. तीन दिवस चिखलात जाळं टाकणारा माझा बाप मला दिसत होता.

निघताना ते म्हणाले, "माझं नाव घे सभेत. मले काही नाही. पण आरोहीचं लगन होऊ दे, मंग सांग."

घरी नितेशला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो भला माणूस आहे, आणि त्यानंही तेच म्हटलं. "पंधरा दिवस थांब. पंधरा दिवसांत तलाव काही पळून नाही जात. आत्ता सांगशीन तर आरोहीची गुंडी बंद. तुझाच नियम हाय."

तो माझाच नियम आहे हे मला कोणी सांगायला नको होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

तीन दिवसांनी समाजमंदिरात सभा झाली. मी अहवाल वाचला. मोहबोडीचा तलाव साफ. हिरडाबोडीचा तलाव साफ. यात एक अक्षर खोटं नव्हतं. चौथ्या पानावरची चोविसाव्या पट्ट्याची यादी मी वाचली नाही, आणि ती वाचता येणारी दुसरी कोणी त्या सभेत नव्हती.

"मंग आली कुठून?" मागून कोणीतरी विचारलं.

"बीजाचं तळं होतं ना मोहबोडीले," दुसरी म्हणाली. "रस्त्याच्या कडेचं."

पुस्तकलाबाई रंजनाकडे वळल्या. "रंजना, तुले काही म्हणाचं हाय?"

रंजनानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादा घास गिळायला लागतो तेवढाच वेळ. मग ती म्हणाली, "मी काय म्हणू काकी. माझा बाप जित्ता नाही."

एकीनं विचारलं, की चोवीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीला आजचा नियम कसा लावता? मी पुस्तकलाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "नुस्कान आज होऊन राह्यलं ना. देवधान आज उपटून राह्यलं. नियमात जुनं-नवं काही लिवलं नाही." आणि त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "लिवलं का, रोशनी?"

"नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रंजनानं आपलं जाळं स्वतः संस्थेच्या खोलीत आणून दिलं. धुऊन, वाळवून, घडी घालून. तिच्याबरोबर तिची सतरा वर्षांची सानवी होती. सानवीचीही गुंडी आता बंद झाली होती. पोरगी माझ्याकडे पाहत नव्हती, भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडे पाहत होती. रंजनानं जाळं खुंटीला अडकवलं, एक गाठ सैल होती ती ओढून घट्ट केली आणि निघून गेली. तिचं घर त्या जाळ्यावर चालतं. शेती तिला नाही.

त्यानंतरच्या दिवसांत मी पत्रिका वाटल्या, बांगड्या भरल्या, मंडपवाल्याशी भांडले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. कोणी 'काय गं' म्हटलं तरी दचकायचे. रात्री मशीनची पेटी ज्या कोपऱ्यात असायची तिकडे पाठ करून झोपायचे. रंजनाच्या घराकडचा रस्ता टाळायला मी पिठाची गिरणी बदलली.

पण एक काम टाळता येण्यासारखं नव्हतं. नवरीची गुंडी बाप भरतो, किंवा आजोबा. भरताना ती धरून उभी राहते ती आईची जोडीण. लग्नाच्या आदल्या दुपारी मी रंजनाच्या घरी गेले. कोणत्या तोंडानं गेले ते विचारू नका.

ती तांदूळ निवडत बसली होती. मी बसले. उद्याचं सांगितलं, गुंडी धरायला ये म्हटलं.

"येईन ना," ती म्हणाली. "पाण्यात पाय टाकाची मनाई हाय. काठावर उभी राहीन."

मी उठायला हवं होतं. उठवेना. मी तिच्या सुपातला एक खडा काढला आणि हातातच धरून बसले.

"रोशनी," ती सुपाकडे पाहतच म्हणाली, "तुझ्या गुंडीतल्या मासोळ्यांची शेपटी लाल होती."

मी खडा परत सुपात टाकला.

"तू पाठ करून उभी होतीस. तुले नाही दिसल्या. मी समोर उभी होती ना, माझ्या पाळीची वाट पाहत. पाण्यात पडल्या तवा उन्हात चमकल्या. मले वाटलं होतं, हिच्या माहेरच्या मासोळ्या किती सुंदर हायत. माझ्या तर काळ्याच दाडक होत्या."

"मग सभेत तू बोलली काऊन नाही?"

"आरोहीचं लगन बारा दिवसावर होतं." तिनं सूप हलवलं. "सानवीच्या लगनाले अजून पाच वर्सं हायत. मंग सांगू म्हटलं."

बाबांनी म्हटलं तेच. नितेशनं म्हटलं तेच. फक्त त्या दोघांचं काही जात नव्हतं आणि हिचं जाळं गेलं होतं.

"आणि," ती म्हणाली, "मले वाटलं, तू सांगशीन. तुले समजलं होतं, ते मले तुझ्या वाचण्यावरूनच समजलं. तू कधी एवढी हळू वाचत नाहीस. रोज वाटे, आज सांगन, उद्या सांगन. वाट पाह्यली."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नवरीघाटावर पंचवीस-तीस माणसं जमली. वराच्या गावच्या संस्थेच्या दोघी पाणी तपासायला आल्या होत्या, वराची आई त्यांच्याबरोबर होती. बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी जाळं टाकलं, ओढलं, त्यातल्या कंपन्या काठावर फेकल्या आणि दोन दाडक ओंजळीत घेतल्या. रंजना काठावर गुंडी धरून उभी होती. आरोही हळदीच्या अंगानं तिच्या शेजारी.

"बाबा, थांबा," मी म्हटलं.

मग मी सांगितलं. चौथं पान सोबत नेलं होतं, ते वाचून दाखवलं. गवत, शेळी, गाय. आटलेला तलाव, आठवडी बाजार, पिशवी. बाबांचं नाव मला घ्यावं लागलं नाही. ते पाण्यातूनच म्हणाले, "मी इकत आणल्या होत्या. पोरीले माहीत नोहतं." एवढं बोलून त्यांनी ओंजळ पाण्यात उघडली. दाडक गेल्या.

 पुस्तकलाबाई काठीनं माती उकरत होत्या. शेवटी म्हणाल्या, "रंजनाचं जाळं आत्ताच्या आत्ता काढून तिच्या घरी पोहोचवा. मारबत्याचं जाळं आणा खुंटीवर." मग माझ्याकडे न पाहता, "गुंडीचंही तसंच. नियम हाय."

वराची आई रंजनाजवळ आली, गुंडीत डोकावली. आत थोडं पाणी होतं. "लगन नाही मोडत आमी," ती म्हणाली. "पोरगी चांगली हाय. पण गुंडी आमच्या घाटावर आणू नका."

रंजनानं गुंडीतलं पाणी मातीत ओतलं आणि कोरी गुंडी आरोहीच्या हातात दिली. आरोहीनं ती घेतली. मग ती माझ्याजवळ आली आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पंधरा दिवस आधी सांगितलं असतं तर मी समजून घेतलं असतं. उद्या सांगितलं असतं तरी चाललं असतं. आई, आजच?"

  ती सासरी गेली. जावयानं मध्ये फोनवर सहज सांगितलं, की त्या गुंडीत ती आता चिंचा भरून ठेवते. घाटाकडच्या रस्त्यानं ती जात नाही म्हणे. तिथल्या बायका काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे. तो शब्द टाळण्यासाठी माझा बाप बाजारात गेला होता.

बाबा त्यानंतर डोंग्यात बसले नाहीत. भेटायला गेले की तलावाबद्दल बोलत नाहीत, आरोहीबद्दल विचारतात.

यंदा आम्ही तलाव उपसायला काढला आहे. पाणी कमी करून, आपल्या मासोळ्या बाजूच्या बोडीत, छोट्या तळ्यात, हलवून, कंपनी हातानं वेचून काढायची. दोन उन्हाळे लागतील, कदाचित तीन, आणि तोवर सगळ्याच घरांची मासोळी निम्म्यावर येईल. पाण्यातल्या बायकांची म्होरकी रंजना आहे. माझं जाळं खुंटीला, म्हणून मी पारीवर बसून नोंदी करते. ती मला हाक मारून आकडे सांगते, मी लिहिते. घरी येणं-जाणं आहे. पण पूर्वी माझी बडबड ती ऐकायची, आता मीच बोलत नाही.

अकरा गावांत मात्र माझं नाव झालं आहे. लेकीच्या लग्नाच्या दिवशी स्वतःचं घर स्वतः उघडं पाडणारी बाई म्हणून लोक मला ओळखतात. विद्यापीठातल्या मॅडमला हे त्यांच्या पुस्तिकेत छापायचं आहे. नियम अठरा बदलायची बैठक झाली तेव्हा एका गावच्या अध्यक्षानं उभं राहून म्हटलं, की रोशनीताईंसारखं धाडस पाहिजे. रंजना माझ्या शेजारीच बसली होती. ती पदराचा धागा ओढत राहिली.

या वर्षाचाही थर आता बसतो आहे. पुढं कधीतरी कोणी नळी घालून तो वाचेल. त्यात कंपनी कमी होत गेलेली दिसेल, देवधान परत आलेलं दिसेल, दाडक दिसेल. मी पंधरा दिवस गप्प होते, हे त्यात कुठंच दिसणार नाही. म्हणून इथं लिहून ठेवते: मी आपणहून सांगितलं नाही. रंजनाला आधीपासून ठाऊक होतं, आणि ती माझी वाट पाहत होती.